लेट गाडीची कुंडली

आमच्या आत्याच्या यजमानांइतका खरं बोलणारा ज्योतिषी सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कोणी गेलं नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मामांची कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, रेल्वेच्या रुळालगत उसाची जमीन होती. अंगाने ते पैलवान, मिशा भरघोस, आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर स्टेशनातला हमाल ओ देई. अशा माणसाने मांडीवर पंचांग घेऊन बोटांची पेरं मोजत बसावं, हे मोटेच्या बैलाने रांगोळी काढण्यासारखं दिसे. पण मामा बसत, आणि एकदा बसले की जे दिसेल ते बोलत. एका सोयरिकीत सुपारी फोडायच्या ऐन वेळी कुणीतरी मानाने त्यांच्यापुढे नवऱ्या मुलाची कुंडली सरकवली. मामांनी ती डोळ्याजवळ नेली, लांब धरली, आणि सगळ्या बैठकीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगं झ्याक हाय. दोन बायका करणार." मुलीकडची माणसं उठली, सुपारी तशीच राहिली. मामांना घरी येईपर्यंत कोडं सुटलं नव्हतं. "म्या वाईट काय बोललो? दुसरी बी चांगल्या घरचीच हाय की!"

गावातला एक म्हातारा अंथरुणाला खिळला होता. त्याच्या मुलांनी विचारलं, बाबांना बरं कधी वाटेल? मामा म्हणाले, "बुधवारी सुटत्यात." मुलं खुशीत घरी गेली. सुटका कसली ते त्यांना म्हाताऱ्याच्या बायकोने समजावून सांगितलं. बुधवारी म्हातारा काठी टेकत स्वतः मामांच्या दारात आला आणि ओट्यावर बसून त्याने तासभर शिव्या दिल्या. पुढे पाच वर्षं दर बुधवारी तो येई. मामा त्याला चहा देत आणि त्याच्या तोंडाकडे अशा चिकित्सेने बघत, की म्हाताऱ्याला शिव्या आठवेनाशा होत.

हे वेड त्यांना जन्मतः नव्हतं. त्यांचा एकुलता मुलगा सर्जेराव लढाई सुरू झाल्यावर फौजेत गेला, तेव्हा लागलं. त्याची पत्रं येत, पण कुठून आली ते कळत नसे. गावाचं नाव आलं की साहेबलोक त्यावर काळी शाई ओढत. एकदा असं निम्मं काळं झालेलं पत्र उन्हाकडे धरून मामा म्हणाले, "कागदावरचा ठावठिकाणा सरकार खोडतंय. आभाळातलं कुठं खोडणार हाय?" आणि दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला जाऊन त्यांनी पंचांग, दोन जाड पोथ्या आणि खिशातलं एक घड्याळ आणलं. घड्याळ रोज वीस मिनिटं मागं पडे. म्हणून मामा रोज दुपारच्या गाडीला स्टेशनात जाऊन ते लावून घेत. गाडी वेळेवर आली की घड्याळ लावीत, उशिरा आली की स्टेशन मास्तरांना जाब विचारीत. ज्योतिषाचा सगळा पाया वेळेवर आहे, चार मिनिटं इकडची तिकडं झाली तर माणसाचा जन्म दुसऱ्याच्या नावावर पडेल, असं ते मास्तरांना सांगत. त्यातच लढाईमुळे सरकारने सगळी घड्याळं तासभर पुढं केली. गावात नवा टाईम आणि जुना टाईम असे दोन टाईम नांदू लागले, आणि मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

सर्जेरावाची कुंडली मात्र पक्की होती. तो जन्मला तेव्हा घरात घड्याळ नव्हतं, पण सुईण बाहेर येऊन म्हणाली होती, की पोर रडलं आणि दुपारच्या गाडीची शिट्टी झाली. रेल्वेचं वेळापत्रक म्हणजे सरकारी पुरावा. त्यावरून मामांनी कुंडली मांडली, आणि आठव्या घरात शनी बसलेला बघून त्यांनी पंचांग मिटलं. आठवं घर मरणाचं. पुढे सर्जेराव ब्रह्मदेशाकडे गेल्याचं कळलं आणि मग पत्रंच थांबली. आठ महिने झाले. आत्या रोज पोस्टमन गेला की विचारी, "आवं, तुमचं ते पुस्तक काय म्हनतंय?" खऱ्याशिवाय न बोलणारा हा माणूस तेवढ्या प्रश्नाला म्हणे, "अजून शिकतोय मी. अर्धं शिकून बोलू नये."

असं असताना सांगलीला ज्योतिष्यांचं संमेलन भरत असल्याची जाहिरात त्यांच्या हाती पडली. नवशिक्यांसाठी व्याख्यानं, दिग्गजांचा सहवास, आणि शेवटच्या दिवशी शंकासमाधान. मी तेव्हा सांगलीत कॉलेजात होतो, मामा माझ्या खोलीवर उतरणार होते. संमेलन शुक्रवारी, म्हणजे निघायचं गुरुवारी, आणि गुरुवारी दक्षिणेकडे निघणं अशुभ. त्यावर शास्त्रात तोड आहे. चांगल्या मुहूर्तावर आपलं सामान शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, याला प्रस्थान म्हणतात. सामान निघालं की माणूस निघाला असं ग्रह धरून चालतात. मामांनी बुधवारी मुहूर्त साधून वळकटी, कुंडल्यांची चोपडी आणि डोईचा फेटासुद्धा शेजारी नेऊन ठेवला. गुरुवारी पहाटे शेजाऱ्याची कडेगावची लेक अडली असा सांगावा आला. तो बायकापोरांसह, दाराला कुलूप घालून कडेगावला गेला. गाडी काही कुणासाठी थांबत नाही. मामा माझ्या दारात उतरले ते बोडक्या डोक्याने आणि मोकळ्या हाताने. त्यांच्या वयाच्या माणसाने बोडक्याने परगावी यायचं म्हणजे धोतराशिवाय येण्यासारखंच. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "प्रस्थान बराबर झालंय. मीच तेवढा मागं ऱ्हायलो." माझी काळी टोपी त्यांच्या डोक्यावर वाटीसारखी बसली. ती घालूनच ते तीन दिवस दिग्गजांत वावरले.

होतकरू ज्योतिष्याला संमेलनातून काय मिळतं, हे मी त्या तीन दिवसांत जवळून पाहिलं. पहिल्यांदा बिल्ला मिळतो. तो छातीवर लावला की न लावलेल्यांची कीव येऊ लागते. मग ज्ञान मिळतं. उद्घाटनाचा मुहूर्त नऊ वाजून चाळीस मिनिटांचा होता. निम्मी मंडळी नव्या टाईमाने आली, निम्मी जुन्या टाईमाने येणार होती, आणि अध्यक्ष स्थानिक सूर्योदयावरून हिशेब करीत अजून आंघोळीत होते. उभा जन्म दुसऱ्यांना वेळ सांगण्यात घालवलेले दोनशे लोक मांडवात एकमेकांना "किती वाजले?" असं विचारत होते. पुढे व्याख्यानं झाली. पहिल्या वक्त्याने सांगितलं, की आजवर सगळ्यांचं गणित चुकत आलं आहे. दुसऱ्याने सांगितलं, की फक्त पहिल्याचं चुकलं आहे. मामा सगळं लिहून घेत होते. कोरी वही मी दिली होती. दुपारपर्यंत ती निम्मी भरली आणि मामांचा चेहरा निम्म्याने उतरला. "काय कळलं?" मी विचारलं. "लय कळलं," मामा म्हणाले, "पर एक आलं की पयलं जातंय गड्या."

मांडवाच्या फाटकाशी एक पोपटवाला बसे. शास्त्र्यांनी त्याला आत येऊ दिलं नव्हतं. मामांची मात्र त्याच्याशी दोस्ती जमली, कारण चहाला बाहेर पडलं की तोच पहिला भेटे. एकदा मामांनी त्याच्या पाकिटांची चवड उलगडून पाहिली आणि पोलिसी थाटात विचारलं, "का रं, सत्तर पाकिटं हायती. एकात बी मरण कसं न्हाई?" पोपटवाला मेढ्याकडचा, वाळका म्हातारा होता. तो पोपटाला डाळ घालत म्हणाला, "व्हतं की. दोन पाकिटं व्हती. एकदा एका लेकुरवाळीला त्यातलं निघालं. तवा दोन्ही फाडून टाकली. पाखराला काय कळतंय, आपल्याला कळाय नगं का?" मामांनी हे वहीत लिहून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी शंकासमाधान होतं. फळ्याजवळ जाऊन कुंडली मांडायची आणि दिग्गजांनी ती वाचायची. मामा उठले. सगळ्या कुंडल्या शेजाऱ्याच्या कुलपात होत्या, पण एक पाठ होती. त्यांनी खडू घेऊन न चुकता बारा घरं आखली, ग्रह मांडले, आणि माझी टोपी सावरून, हात जोडून म्हणाले, "पुरुष हाय. वय बावीस. परमुलखात हाय. आयुष्य किती, तेवढं सांगावं." नाव सांगितलं नाही. कुणाचं ते सांगितलं नाही. पहिले शास्त्री म्हणाले, हा मोठा व्यापारी होणार, दारी मोटारी झुलणार. तेवढ्यात जाड चष्म्याचे दुसरे शास्त्री उभे राहिले. त्यांनी छडीचं टोक शनीवर ठेवलं. "हा मुलगा आज हयात नाही. असेल तर ही कुंडली त्याची नाही." तीन दिवसांत इतकं ठाम कुणीच बोललं नव्हतं. सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. मामांनी शास्त्रीबुवांना नमस्कार केला, धोतराच्या सोग्याने स्वतः फळा पुसला आणि जागेवर येऊन बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण मला तेव्हा ती म्हण सुचली नाही. मला रडू येत होतं. संध्याकाळी त्यांना 'ज्योतिषप्रवीण' असं छापलेला कागद मिळाला, कारण ते तिन्ही दिवस हजर होते.

मी त्यांच्याबरोबर गावी गेलो, कारण त्यांना एकटं पाठवण्याचा धीर झाला नाही. आत्या उंबऱ्यातच उभी होती. "काय म्हनली मोठी मोठी मानसं?" तिने विचारलं. मामा गोठ्यातल्या बैलाकडे बघत म्हणाले, "ऐंशी."

"ऐंशी काय?"

"वर्सं. जगतंय पोरगं ऐंशी."

हे त्यांच्या जन्मातलं पहिलं खोटं बोलणं होतं, आणि पहिल्या खेपेला माणसाला जमतं तेवढंच जमलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावायला स्टेशनात गेले नाहीत. तिसऱ्या सकाळी आत्या जात्याशी दळत बसली होती. मामा ओट्यावर होते. दळता दळताच ती म्हणाली, "आवं, सर्जा झाला त्या दिशी गाडी लेट व्हती न्हवं? दीड-दोन तास. सुईन म्हनत व्हती, आज गाडीचं बी बाळंतपन अडलंय जनू."

मामा उडालेच. "आगं, मग आजपतूर बोलली न्हाईस ती?"

"तुमी इचारलं कवा?"

मामांनी पंचांग ओढलं. दीड-दोन तासांनी जन्मलग्न बदललं, घरं सरकली, आणि शनी आठव्यातून उठून सातव्यात, म्हणजे लग्नकार्याच्या घरात जाऊन बसला. "लगीन उशिरा हुईल पोराचं," मामा ओरडले, "हुईना का! हुईना का उशिरा!" त्यांनी पोटभर भाकरी खाल्ली, घड्याळ घेतलं आणि स्टेशनात गेले. रोज तासाभरात परतणारा माणूस त्या दिवशी दिवेलागणीला आला. अंगभर धूळ होती. घड्याळ लावायला इतका वेळ कसा लागला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मास्तरबरोबर गप्पा झाल्या जरा."

त्या दिवसापासून ते खरं बोलणारे ज्योतिषी राहिले नाहीत, आणि त्यांच्या दारात माणसं मावेनात. आसपासच्या गावांतून लढाईवर पोरं गेलेल्या बायका येत. मामा कुंडली नीट बघत, आणि कुणाचंही असो, सांगत, "येतंय. दम धर, बाई." काहींची पोरं आली नाहीत. मला वाटलं, आता या बायका मामांना ओट्यावर येऊन शिव्या देतील. त्यांतली एक खरंच आली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "मामा, तुमी सांगितलं म्हनून दोन वर्सं जेवन तरी गेलं." मामा तिच्याबरोबर वेशीपर्यंत चालत गेले.

लढाई संपल्यावर सर्जेराव आला. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, बाकी धडधाकट. पत्रं लिहिली होती म्हणे, वाटेत कुठे गेली ती गेली. त्याचं लग्न मात्र शनीने खरोखर लांबवलं. मामा भेटेल त्याला दोन्ही कुंडल्यांची गोष्ट सांगत, आणि शेवटी म्हणत, "गाडी लेट व्हती, म्हनून हे शास्तर कळलं." आत्या आत चुलीशी हसे.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दिवसांना गेलो होतो, तेव्हा आत्या आणि मी त्यांची पेटी आवरत बसलो. पोथ्या, बिल्ला, ते मागं पडणारं घड्याळ. आत्या एकाएकी म्हणाली, "तुला म्हनून सांगते. गाडी लेट व्हती का येळंवर, मला काय ठावं? मी तवा जिवाच्या आकांतात. गाडी कुठली आनि शिट्टी कुठली! तोंडात घास जाईना त्यांच्या, म्हनून बोलले." मी हसलो. हसताहसताच चोपडीतून सर्जेरावाची पहिली कुंडली खाली पडली, आठव्यात शनी असलेली. तिच्या मागे मामांच्या ठसठशीत अक्षरात, त्या धुळीच्या दिवसाची तिथी घालून, तीन ओळी होत्या. 'मास्तरांच्या जुन्या वह्या पाहिल्या. सर्जा झाला त्या दिवशी गाडी वेळेवर होती. घरी सांगू नये.'

आत्याला वाचता येत नाही. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "काय लिवलंय रं?"

"गाडी दोन तास लेट होती, असं लिहिलंय," मी म्हणालो.

"बघ की," आत्या म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून हसायला लागली, "एवढा टायमाचा मानूस, पर म्या फसवला शेवटपतूर." मी कागद होता तसा घडी करून पंचांगात ठेवला.