रिकाम्या कुंड्यांची बैठक

आमच्या बोन्साय क्लबातल्या कुणाचंही झाड कधी स्वतःच्या हातून मेलं नाही. कामवालीने पाणी घातलं नाही, शेजाऱ्यांच्या मुलाने जास्त घातलं, रंगाऱ्यांनी चुना सांडला, माकडांनी फांद्या मोडल्या. ज्याने मारलं तो बैठकीला कधीच हजर नसे. वर्षातून एकदा आम्ही हे सगळं एकमेकांना गंभीर चेहऱ्याने सांगत असू आणि तितक्याच गंभीर चेहऱ्याने ऐकून घेत असू.

ही पद्धत आमच्या मॅडमची. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या होत्या आणि बेंगळूरला मल्लेश्वरममध्ये त्यांच्या घराच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या एका रविवारी क्लब भरायचा. एरवीच्या रविवारी आम्ही जिवंत झाडं घेऊन जायचो. कुणी मुळं छाटून दाखवायचं, कुणी मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली तार फांदीला कशी गुंडाळायची ते शिकवायचं. कधी सगळे मिळून आनेकलच्या बाजूला तांबडी माती आणायला जायचो आणि मातीपेक्षा चित्रान्नाचे डबेच जास्त वाहून न्यायचो. पण उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधीची बैठक वेगळी. त्या दिवशी ज्याचं झाड गेलं असेल त्याने त्याची कुंडी स्वच्छ धुऊन आणायची, टेबलावर ठेवायची आणि उभं राहून ते कसं गेलं ते सांगायचं. मग मॅडम प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "पुढच्या वेळी काय वेगळं कराल?" आम्ही म्हणायचो, कामवाली बदलू.

नव्वद साल उलटल्यावरची ही गोष्ट. क्लबात बँकेतले अधिकारी होते, सरकारी कारखान्यातले इंजिनिअर होते, डॉक्टरांच्या बायका होत्या. बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं कन्नडमध्ये चालायचं. मी बेळगावकडची, त्यामुळे कन्नड मला येत होतं, पण इंग्रजीचं वाक्य मी आधी मनात म्हणून बघायचे आणि मगच तोंडाबाहेर काढायचे. त्या मंडळींत आपण शोभलो पाहिजे, असं मला फार वाटे. आज हे लिहितानाही कानशिलं तापतात, पण वाटे ते वाटेच.

आम्ही येलहंक्याला राहायचो. आमचे हे औषध कंपनीत, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. घरी मी आणि माझे सासरे. मामंजी रेल्वेत गार्ड होते. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळूरचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं आणि माझ्या माहेरची माणसं त्यावरून त्यांची थट्टा करायची. मला ते 'अम्मा' म्हणत, इकडे लेकीसुनांना म्हणतात तसं. सासूबाई गेल्या आणि त्यानंतर हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. चष्मा, जेवण, वार, मग माणसांची नावं. एकदा मी भाजी आणायला गेले तर मामंजी तेवढ्यात पायजम्यावरच स्टेशनात जाऊन गाडी सोडायला उभे. तेव्हापासून त्यांना एकटं ठेवायची सोय राहिली नाही, आणि क्लबाच्या रविवारी मी त्यांना बरोबर न्यायला लागले.

तो रविवार त्यांचा सण होता. बाकी महिनाभर ते दिवाणखान्यातून गच्चीवर आणि गच्चीवरून दिवाणखान्यात एवढंच फिरत. त्या दिवशी मात्र सकाळीच दाढी, पांढरा शर्ट, बुटांना पॉलिश. कधी निघायचं म्हणून मला इतक्यांदा विचारत की मी शेवटी घड्याळाकडे नुसतं बोट दाखवायचे. हॉलमध्ये मी त्यांना मागच्या रांगेत बसवायचे. लोक त्यांना 'गार्डसाहेब' म्हणून हाक मारत, मान देत. पण माझं अर्धं लक्ष मागे. ते कुणाला तेच तेच विचारत नाहीत ना, खाराभात खाल्ल्याचं विसरून दुसऱ्यांदा बशी घेऊन उभे नाहीत ना. कुणी त्यांना काही विचारलं की त्यांच्या आधी मीच उत्तर द्यायचे. त्यांना त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे आणि मला ते पटायचंही.

माझ्याकडे सात-आठ झाडं होती, पण नाव घ्यावं अशी एकच, चिंच. आमटीतून काढून टाकलेल्या चिंचोक्यापासून वाढवलेली. वीतभर उंच, पण खोड असं की लांबून बघणाऱ्याला वाटावं, हिच्या सावलीत बैल बांधता येतील. संध्याकाळी तिची पानं मिटायची तेव्हा मी हातातलं काम टाकून बघत बसायचे. मॅडमनी ती पुढच्या प्रदर्शनासाठी निवडली होती, आणि त्यानंतर मी जरा नाक वर करूनच चालत होते.

त्या हिवाळ्यात तिची पानं पिवळी पडून गळायला लागली. पाणी कमी करून बघितलं, वाढवून बघितलं, जागा बदलली. मातीवर पांढरी खपली धरत होती आणि आंबूस वास येत होता. एके दिवशी शेवाळ उचकटून बघते तर खाली मोहरी आणि कढीपत्त्याचं पान. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीच्या दाराआड उभी राहिले. मामंजी जेवून आले, हातात मठ्ठ्याचं अर्धं भांडं. फोडणीचा, मीठ घातलेला मठ्ठा. त्यांनी तो हळूहळू कुंडीत ओतला आणि झाडाला म्हणाले, "स्वल्प पी. एवढी वर्षं झाली, वाढतच नाहीस बघ तू. पोटाला मिळत नाही तुला."

मी बाहेर आले नाही. ओरडले नाही, नंतरही काही बोलले नाही. माती बदलली, मुळं धुतली, पण चिंच वाचली नाही. बाकीची झाडं मी पाण्याच्या टाकीच्या वरच्या कठड्यावर नेऊन ठेवली, जिथे त्यांना चढता येणार नाही. नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. आपण किती सोसतो, किती झाकून घेतो, याचा मला त्या दिवसांत चांगलाच अभिमान होता. ते मात्र अधूनमधून गच्चीवर जायचे आणि रिकाम्या जागेकडे बघून परत यायचे.

मग उगादीच्या आधीची बैठक आली. मी चिंचेची निळी कुंडी धुऊन पिशवीत घातली, मामंजींना घेतलं आणि बसने मल्लेश्वरमला गेले. टेबलावर कुंड्या मांडल्या गेल्या. एका बँकेतल्या साहेबांचा वड ते गावाला गेल्यामुळे गेला, एका डॉक्टरीणबाईंची बोगनवेल माकडांनी नेली. माझी पाळी आली. वाक्यं मी बसमध्येच जुळवून ठेवली होती. मी म्हणाले, आम्ही बेळगावला लग्नाला गेलो होतो, झाडं कामवालीवर सोपवली होती. तिने भांडी विसळलेलं पाणी घातलं असणार. मीठ उतरलं मुळांत. काय करणार, या बायकांना किती सांगितलं तरी तेच.

लोकांनी हळहळून माना हलवल्या. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

"मॅडम, तप्पु नन्दु," मामंजी म्हणाले. चूक माझी आहे. ते उठून उभे होते, दोन्ही हात शिवणीला लावून, वरिष्ठांसमोर उभं राहावं तसे. "मामंजी, बसा," मी म्हणाले. ते बसले नाहीत. पुढचं ते कन्नडमध्ये बोलले, स्वच्छ, एकही शब्द न चाचपडता.

"मी मठ्ठा घातला त्याला. रोज घातला. त्या बाईने काही केलेलं नाही, तिच्या नावावर हे लावू नका. आमच्यात गाडीला उशीर झाला की तो कुणाच्या तरी नावावर टाकावा लागतो, आणि ज्याचा आहे त्याच्याच नावावर टाकायचा असतो." मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "हिला सगळं ठाऊक आहे. सांगत नाही. माझी लाज वाटते हिला."

त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. ते आणखी एक कारण नोंदवत होते, बस. मी टेबलाची कड धरून उभी होते. मी त्यांची अब्रू झाकत होते, असं मला तोपर्यंत खरंच वाटत होतं. त्यांनी एका वाक्यात ते पांघरूण उचललं, आणि खाली निघाले मी.

मॅडमनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. "सरी, ठीक आहे, गार्डसाहेब. पुढच्या वेळी काय वेगळं कराल?"

त्यांनी खरंच विचार केला. आमच्यापैकी कुणी त्या प्रश्नावर कधी केला नव्हता तेवढा. मग म्हणाले, "ते सांगता येणार नाही. मी मठ्ठा घातला, हे मला कालपर्यंत आठवत नव्हतं. आज आठवलं. उद्या पुन्हा जाईल. म्हणून आज सांगून टाकलं."

"बरं झालं सांगितलंत," मॅडम म्हणाल्या. मग त्या डॉक्टरीणबाई खाली बघत म्हणाल्या, खरं सांगायचं तर आमच्याकडे माकडं येतच नाहीत, मीच एकदम जास्त मुळं छाटली. लोक हसले, आणि हॉल मोकळा झाला. बँकेतल्या साहेबांनी स्वतः जाऊन मामंजींना कॉफी आणून दिली आणि त्यांच्या शेजारी बसून मेल आणि पॅसेंजरच्या गप्पा काढल्या. माझ्याशीही सगळे नीटच वागले, नेहमीपेक्षा जास्त नीट. मी निळी कुंडी पिशवीत भरली आणि लवकर निघते म्हणाले.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मी मनात एकच गोष्ट घोकत होते, यांनी हे विसरावं. ज्या विसरण्यापायी मी वर्षभर चरफडले होते त्याच्यापुढेच मी आता पदर पसरला होता. हेब्बाळच्या पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "आज खायला काय होतं ग, अम्मा?" केसरीभात होता. त्यांनी दोन बशा खाल्ल्या होत्या. मी केसरीभात म्हणाले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी कामवाली आली तेव्हा मी तिला आपणहून कॉफी करून दिली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

पुढच्या महिन्याचा तो रविवार आला. मी साडी नेसून बाहेर आले तर मामंजी बनियनवर बसलेले. दाढी नाही, शर्ट नाही. त्यांच्या मांडीवर पुढच्या दाराचं कुलूप होतं, किल्ली लावलेलं.

"तू जा," ते म्हणाले. "बाहेरून लाव. मी झोपतो. कुठे जायचं नाही मला."

"असं काय करता, चला की," मी म्हणाले.

"नको, अम्मा. तुला तिथं मोकळं बसता येत नाही मी असलो की."

म्हणजे विसरले नव्हते. सगळं विसरणाऱ्या माणसाने तेवढंच धरून ठेवलं होतं. मी पुन्हा म्हणाले, चला, मॅडम विचारतील. पण तो आग्रह कसला होता ते मला माहीत आहे. पाहुणा चपला घालताना आपण 'जेवूनच जा' म्हणतो, त्या जातीचा. त्यांनाही ते कळलं असणार. त्यांनी कुलूप माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी उंबऱ्यात जरा उभी राहिले. मग दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. कुणाचा हात धरायचा नव्हता, उतरताना कुणाला सांभाळायचं नव्हतं. मला हलकं वाटलं. लाजेच्या आधी ते हलकं वाटणं आलं, हे मी लपवून उपयोग नाही.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत, मॅडमच्या शेजारी, एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती. मला वाटलं कुणी पाहुणा येणार असेल. मॅडमनी माझ्या मागे जिन्याकडे बघितलं आणि विचारलं, "गार्डसाहेब हळूहळू चढतायत का? त्यांना आज पुढे बसवायचं ठरवलंय आम्ही." बँकेतल्या साहेबांनी त्यांच्यासाठी रेल्वेचं जुनं वेळापत्रक शोधून आणलं होतं. डॉक्टरीणबाई जिन्याच्या तोंडाशी जाऊन वाकून बघत होत्या. त्या हॉलमध्ये त्यांची लाज वाटणारी मी एकटीच होते.

"त्यांना हल्ली यावंसं वाटत नाही," मी म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, एकही चूक न करता.

कुणीतरी ती खुर्ची उचलून भिंतीला लावली. त्या दिवशी जुनिपरला तार कशी लावायची ते दाखवलं गेलं. मी मागे वळून न बघता शेवटपर्यंत बसले, दोनदा बोललेसुद्धा. घरी आले तेव्हा मामंजी दाराच्या आतल्या बाजूला, जमिनीवर, बूट घालून बसले होते.

पुढच्या महिन्यात त्यांनी द्यायच्या आधीच, दाराला लावायला कुलूप मीच काढून ठेवलं.