आजींचा सीआरपी का चढत होता

नवघरला मी ज्या आजींना सांभाळायला राहते, त्यांच्या हृदयाला पंप बसवलेला आहे. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या पट्ट्यावरच्या डब्याला जोडलेली, आणि तो डबा दोन बॅटऱ्यांवर चालतो. वायर जिथून बाहेर येते तिथलं ड्रेसिंग हे माझं काम. मी हिंगोलीकडची, शाळा सातवीतच सुटली. तरी हॉस्पिटलातल्या सिस्टरनी समोर बसवून, चार-चारदा करून घेऊन मला शिकवलं. ते उपकार मी विसरणार नाही. पंखा बंद, खिडक्या बंद, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, मग हातमोजे. आजी म्हणायच्या, "येवरं सोवळं तर देवाला पन न्हाय करीत कोन!"

दर पंधरा दिवसांनी घरून त्यांचं रक्त तपासायला जायचं. त्यात सीआरपी म्हणून एक आकडा असतो. अंगात कुठे सूज असली, जंतू बसले, की तो चढतो. डॉक्टरांनी समजावलं होतं, पंपवाल्यांचा तो थोडा वर असू शकतो. पण चढतच राहिला तर धोका. जंतू रक्तातून पंपापर्यंत गेले तर काढणं फार अवघड. गेल्या उन्हाळ्यात तो लागोपाठ तीनदा चढला.

पहिला संशय माझ्यावर आला. येणारच. "ताई, हातमोजे घातल्यावर पदराला वगैरे हात नाही ना लागत?" सूनबाईंनी विचारलं. दुसऱ्या वेळी विचारलं नाही, दारात उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढला. जखम कोरडी, लाली नाही, वास नाही, हे दोघींना दिसत होतं. पण आकडा चढलेला. मग मीच माझ्यावर नजर ठेवायला लागले. नखं मुळापर्यंत कापली. झोपेत आपण उठून काही करतो का, असलंही मनात आलं. मग संशय दुसऱ्यांवर. रक्त न्यायला येणारा माणूस ती नळी उन्हात डिकीत टाकून कुठे कुठे फिरत असेल? सूनबाई माझ्या सुट्टीच्या दिवशी आजींना डोक्यावरून पाणी घालून ड्रेसिंग भिजवत तर नसतील? चेणे गावात दिलेली आजींची बहीण दर महिन्याला भेटायला यायची आणि मला बघितलं की बोलणं थांबवायची. ते का?

दरम्यान आजींनी भाकरी दुधात कुस्करून खायला सुरुवात केली होती. उशीच्या अभ्र्यावर एकदा तपकिरी डाग दिसला. रक्त पातळ करायची गोळी चालू, म्हणून मी घाबरून तो नाकाजवळ नेला. रक्ताचा वास नव्हता. तो वास मी लहानपणापासून ओळखते. माझी आई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना लावायची. आमच्याकडे तिला मिसरी म्हणतात, इकडे मशेरी.

घर धुंडाळलं, काही मिळालं नाही. मग आठवलं, जादा बॅटऱ्यांची पिशवी आजींपासून कधीच लांब नसते, आणि तिच्या बाहेरच्या कप्प्यात कोणी हात घालत नाही. तिथे पावडरची जुनी डबी होती. झाकण काढलं, आत मशेरी.

खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. माझ्या हातांवरचा आळ गेला. मग त्याची लाज वाटली.

"आजी, तोंड उघडा."

"कनाला?"

"उघडा म्हणते ना."

डावीकडची दाढ किडलेली, हिरडी टम्म सुजलेली. मग त्यांनीच सांगितलं, दुखलं की मशेरी दाबायची, बधिर झालं की गप्प बसायचं. दाढ काढताना रक्त थांबणार नाही, आपण मरू, ही भीती. आणि डॉक्टरांना तंबाखू सोडली म्हणून शपथेवर सांगितलेलं.

"बहिणीने आणली ना?"

"तिला मधी घेव नको. आन तू बोलशील तर बघ. सून तुला काढाया निंगाली होती. मीच तिला नको बोलले."

हे मला माहीत नव्हतं. ज्या बाईने माझी नोकरी राखली तिची चहाडी करायची? आणि नाही केली तर? आकडा चौथ्यांदा चढेल, मला काढतील, नवी बाई येईल, तीही ड्रेसिंगच तपासत बसेल. दाढेत कोण बघणार?

हॉस्पिटलात आजींच्या समोरच मी डबी टेबलावर ठेवली. "डॉक्टर, आधी दाढ बघा." पाठीमागून बोलले असते तर त्यांना तोंड दाखवता आलं नसतं. सूनबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. आजी भिंतीकडे.

त्यांना दाखल करून, रक्त पातळ करायच्या गोळीचं सगळं बघून दाढ काढली. पुढच्या तपासणीत सीआरपी उतरला. अगदी तळाला नाही, पण उतरला. डॉक्टर म्हणाले, दाढच असावी, तरी लक्ष ठेवा.

आठवडाभर आजी माझ्याशी बोलल्या नाहीत. ड्रेसिंगला पोट पुढे करायच्या, तोंड फिरवायच्या. आठव्या दिवशी मी हात धुवून आले तर आ वासून बसलेल्या.

"ये पोलिसबाय, घे झडती."

"राहू द्या आजी, विश्वास आहे."

"हाय तर बॅटरी कनाला उचललीस?"

हातात खरंच टॉर्च होती. आम्ही दोघी हसलो. मग मी ती लावली आणि चारी कोपरे नीट बघून घेतले.