विशेष सत्राची तारीख

परीक्षा विभागात माझ्या मामाला सगळे भिंगरी म्हणतात, तेही त्याच्या तोंडावर. विद्यार्थ्याला उत्तर पाठवायचं तर हा उठणार, कपाटापासून पाण्याच्या मशीनपर्यंत येरझाऱ्या घालत मसुदा मोठ्याने वाचणार, मग सही. त्यानेच मला इथे कंत्राटी नोकरीला चिकटवलं, त्यामुळे विद्यापीठाची निम्मी उत्तरं मला फुकटात पाठ झाली आहेत. मामी म्हणते, "लग्नाचे फोटो काढून बघ. एकातही ह्यांचा चेहरा धड आलेला नाही."

मग ऑफिसात एआय आलं. विद्यार्थ्याचा मेल टाकला की उत्तर तयार. सोबत सूचनाही आली: मसुदा यंत्राचा चालेल, पण नियम तपासून, पूर्ण वाचूनच पाठवायचा, जबाबदारी सही करणाऱ्याची. ती सूचना भिंतीवर मामानेच चिकटवली, चारही कोपरे दाबून. आणि तिच्याच खाली तो हळूहळू बसायला लागला. चक्क टेकून.

"मामा, तब्येत बरी आहे ना?"

"तू तुझं काम कर, शहाण्या."

एका मुलीचा मेल आला. वडील अतिदक्षता विभागात, पेपर तोंडावर, काय करू? उत्तर निघालं: घाबरू नका, आत्ता वडिलांजवळ थांबा, पेपर पुढच्या महिन्यात विशेष सत्रात देता येईल. मामाने पहिली ओळ वाचली, त्याला ती गोड वाटली आणि त्याने सही ठोकली.

पेपर होऊन गेला. मुलीने विचारलं, विशेष सत्राची तारीख कधी?

मामा ताडकन उठला. आमच्याकडे विशेष सत्र नावाची भानगडच नव्हती. नियमाप्रमाणे तिचं वर्ष वाया जाणार होतं.

घरी जेवताना दोन घास खाल्ले की एक फेरी, असं चाललं होतं.

"अहो, बसा. ताट काय पळून जातंय?" मामी म्हणाली.

"पोरीचं वर्ष जाईल गं."

"मग तुमच्या विभागप्रमुख मॅडमना सांगा."

"सांगितलं की कळणार, मी वाचलंच नव्हतं."

"आणि नाही सांगितलं तर?"

मामा गॅलरीत गेला. परत आला. पुन्हा गेला.

सकाळी तो मॅडमच्या टेबलासमोर उभा. मी दाराशी उगाच फाईल चाळत होतो.

मॅडम म्हणाल्या, "यंत्राची चूक म्हणून टाकू. तुम्हीही सुटाल, मीही."

"आणि मुलगी?"

"यंत्राच्या चुकीला विद्यापीठ बांधील कसं?"

"मॅडम, पण खाली सही माझी आहे. विभागाने शब्द दिलाय. तिची परीक्षा घ्यायला लागेल."

"लेखी द्याल?"

दिलं. तेही आधी चालत चालत, मोठ्याने वाचून. 'मी न वाचता सही केली' हे वाक्य सगळ्या विभागाने ऐकलं. पाण्याच्या मशीनपाशी उभे असलेले दोघं पाणी न पिताच जागेवर गेले.

समितीने हो-नाही करत एका मुलीसाठी परीक्षा ठेवली. मामाच्या नावावर ताकीद आली, आणि त्याची पत्रं आता मॅडमकडून तपासून जातात.

प्रवेशपत्र न्यायला मुलगी आली. "तुम्हीच का ते काका? तुमचं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं. ते हसले. बऱ्याच दिवसांनी. म्हणाले, कुणीतरी आपलं ऐकलं."

मामाने तोंड उघडलं. पेला भरला. तसाच ठेवला. "आता कसे आहेत?"

"घरी आणलंय."

त्याने प्रवेशपत्र पुढे केलं, तारीख बोट ठेवून वाचून दाखवली, पुन्हा दाखवली. ती आभार मानून गेली. मामा कपाटापर्यंत, तिथून जिन्यापर्यंत, परत कपाटापर्यंत.

"सांगितलंस का तिला? ते उत्तर तुझं नव्हतं म्हणून?" मी विचारलं.

चपला फटफटल्या. मी खिडकीतून बघितलं तर मुलगी फाटकाबाहेर पोचली होती आणि मागून, हात हलवत, मामा पळत होता.