निकानोरच्या गल्लीतला बंद भोंगा

आमच्या गावात सकाळपासून भोंगा. गाद्यांचा सेल, ताजी मासळी, अंडी, लॉटरी, सगळं एलिएसेरच्या जीपवरून आणि एलिएसेरच्याच आवाजात. मग्दालेना नदीकाठच्या या उकाड्यात खिडक्या लावून बसायची सोय नाही, त्यामुळे जाहिरातींपासून कुणाची सुटका नाही. निकानोर पडला घड्याळजी. घड्याळ कानाला लावून टिकटिक ऐकायची, आणि नेमकी तेव्हाच जीप यायची. बिचाऱ्याने कानात कापूस घातला, दुकान मागच्या खोलीत हलवलं, काही उपयोग नाही.

एलिएसेर त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दर शनिवारी आम्ही तिघं डोमिनो खेळायचो, तिथेही निकानोरची तीच कटकट. शेवटी एलिएसेरने हात टेकले. म्हणाला, "बरं बाबा, तुझ्या गल्लीत शिरलो की भोंगा बंद. पण मग मासळी शिळी मिळाली तर माझ्या नावाने बोंब मारू नकोस."

शब्दाला जागला हो तो. सहा वर्षं त्याची जीप निकानोरच्या दारावरून मुकाट जायची. मुलगी यानेरिस जीप चालवायला लागली, तेव्हा तिलाही त्याने बजावून ठेवलं.

गेल्या मार्चात एका बुधवारी एलिएसेर झोपेतच गेला. आमच्याकडे मयताची बातमी भोंग्यावरच सांगतात, घरोघर कुणी जात नाही. यानेरिस डोळे पुसत गावभर फिरली: बाबा गेले, उद्या चार वाजता दफन. निकानोरच्या गल्लीत वळताना सवयीने तिचा हात बटणाकडे गेला.

दफनाला गाव लोटलं. निकानोर नाही. मला असा संताप आला! म्हटलं, माणूस मेला तरी याचा भोंग्यावरचा राग जात नाही. त्याचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, पण जाऊन दार ठोठावावं असं मला वाटलं नाही. आजही ते मनाला खातं.

शनिवारी तो नेहमीसारखा आला, खुर्ची ओढली, सोंगट्या पसरल्या. "एलिएसेरला उशीर का झाला आज?" म्हणाला.

मग मीच त्याला सांगितलं. आयुष्यात याहून वाईट काम मी केलेलं नाही. तो रडला नाही. पसरलेल्या सोंगट्या गोळा करत म्हणाला, "मीच बंद करायला लावला होता ना."

यानेरिस अजून बापाच्या आवाजातल्या जुन्याच जाहिराती वाजवते. निकानोरने तिची किती मनधरणी केली, पोरी, माझ्या गल्लीतही लाव. तिलाही वाईट वाटतं. पण ती म्हणाली, "नको काका. बाबांनी तुम्हाला दिलेला शब्द आहे. मी कसा मोडू?"

आता रोज सकाळी दहा वाजले की निकानोर दुकान बंद करतो आणि स्टूल घेऊन माझ्या दारात येऊन बसतो. माझ्या गल्लीत भोंगा चालू असतो. एलिएसेर गाद्या विकतो, अंडी विकतो, ताजी मासळी विकतो. जीप वळून आवाज पार थांबला की निकानोर उठतो आणि स्टूल उचलून घरी जातो.