शिंगाची मूठ

आमच्या गल्लीत दोन महिने एकच बातमी गाजत होती: छटाकने बाहेर सूत जुळवलंय. दर बुधवारी, दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी, हा पन्नाशी ओलांडलेला खाटीक दोनदा साबण लावून अंघोळ करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि बसथांब्यामागच्या थाई खाणावळीत जाऊन बसतो. मालकीण हसतमुख आणि एकटी. दोन आणि दोन चार करायला आमच्या गल्लीला वेळ लागत नाही. खरं सांगायचं तर त्यातले पहिले दोन माझे होते.

सूतबित काही नव्हतं. त्या खाणावळीच्या स्वयंपाकघरात छटाकची मुलगी भाज्या चिरते, आणि ती दोन वर्षं बापाशी बोललेली नाही.

छटाक हे नाव गल्लीने ठेवलेलं. मटण हातात तोलून वजन सांगेल, काट्यावर टाकलं तर छटाकभराचा फरक निघणार नाही. दुकान तळमजल्यावर, मागे त्याचं घर, आणि आमचं घर त्याच्या डोक्यावर. त्यामुळे त्या घरातलं भांडण मला कान न लावताही ऐकू येतं. कान लावला तर जास्त स्वच्छ येतं, एवढंच.

बापलेकीचं बोलणं तुटलं त्या दिवशी तर मी दुकानातच उभी होते. पोरगी आत आली आणि म्हणाली, "बाबा, मी आजपासून मांस, अंडं, दूध, मध, काही खाणार नाही."

छटाक गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला, "मधसुद्धा नाही? माश्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच. मग तो ठोकळ्यावर हात आपटून म्हणाला, "याच्यावर वाढलीस तू, विसरू नकोस." पोरगी शांतपणे म्हणाली, "यापुढे तुमच्या हातून मला पाण्याचा पेलासुद्धा नको." आठवड्याच्या आत ती मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. आईला फोन करते. बाप शेजारी आला की फोन बंद.

तिच्या नोकरीची बातमी छटाकला आईने दिली नाही. ती माझ्याच तोंडून निसटली. पण खाणावळ कुठली ते मलाही ठाऊक नव्हतं; ते त्याने स्वतःच शोधून काढलं.

तर एका बुधवारी सूत खरं की खोटं याची खात्री करायला मीही त्याच्याबरोबर गेले. झेरॉक्सवाला आणि दवाखाना यांच्यामध्ये चिमटलेली सात टेबलांची जागा. पाव किलो मटणाच्या भावात दोघं पोटभर जेवतील इतकी स्वस्त. भिंतीवर पाटी: इथे दूध नाही, अंडं नाही, थाई आमटीत घालतात ते माशांचं पाणीही नाही. टेबलावर चिठ्ठी असते, तिच्यावर पाच मिरच्या छापलेल्या. जितकं तिखट हवं तितक्या मिरच्या पेन्सिलीने रंगवायच्या आणि चिठ्ठी आतल्या खिडकीत द्यायची. खिडकीला पडदा. छटाकने पाचही मिरच्या रंगवल्या.

"भावोजी, उद्या दुकान कोण उघडेल?" मी विचारलं.

"तिला माझी खूण कळू दे. एवढं तिखट दुसरं कोण खाणार?"

नारळाच्या दुधातली हिरवी आमटी आली, भात आला, आणि गव्हाच्या चिवट गोळ्याचे मांसासारखे तुकडे. छटाकने खायच्या आधी एक तुकडा काट्यावर धरला आणि उजेडाकडे नेला.

"रेषांना आडवी सुरी, तिरकी, सगळे तुकडे एका जाडीचे. बारा वर्षांची असताना शिकवलं होतं मी. पोरीने ठोकळा सोडला, हात नाही सोडला." मग त्याने आमटीतला अळंबीचा काप उलटा केला आणि त्याचा चेहरा पडला. "कडा चेंगरलीय. सुरी बोथट आहे तिची. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि मग ती सटकते."

छटाकच्या डाव्या तर्जनीचं टोक नाही. ते कसं गेलं हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी कळलं.

तो घाम पुसत जेवला. पडदा हलला नाही.

पुढचा आठवडाभर तळमजल्यावरून कानशीचा आवाज येत होता. नवं कोरं पातं, मांसाला न शिवलेलं, हे त्याने मला तीनदा सांगितलं. त्यांच्या घराण्यात कापायला शिकलेल्या प्रत्येक पोराला स्वतःची सुरी मिळते. हिची राहून गेली होती. त्याच्या हातचं ती घेणार नाही म्हणून पुढच्या बुधवारी सुरीचं खोकं मी खिडकीतून आत दिलं. ती समोरच होती. केस बांधलेले, अंगठ्याला पट्टी. "मावशी, तुम्ही?" एवढंच म्हणाली. खोकं कोणाकडून आलं ते मी सांगितलं नाही. पहिल्यांदाच माझं तोंड बंद राहिलं.

टेबलाशी येऊन मी छटाकला पट्टीचं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. मग मी सहज विचारलं, "मूठ कसली बसवलीत हो?"

"कसली म्हणजे? म्हशीच्या शिंगाची. आमच्यात तीच असते."

आम्ही दोघांनी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. जिला मधसुद्धा चालत नाही तिला आम्ही शिंग पाठवलं होतं. छटाक नुसता भात चिवडत बसला. आपणच दार ठोठावलं आणि आपणच बाहेरून कडी लावली, अशी गत.

जेवण संपायच्या वेळी मालकीण खोकं घेऊन आली. "तिने परत करायला सांगितलंय." ती नेहमीसारखी हसली नाही.

छटाकने झाकण उघडायला बराच वेळ लावला. आत नुसती मूठ होती. खिळे नीट ठोकून काढलेले, शिंगाच्या दोन्ही फाका कागदात गुंडाळलेल्या. पातं नव्हतं.

मी मनातल्या मनात दोन आणि दोन केले. "भावोजी, अहो, पातं ठेवलं तिने. तुमच्या हातचं ठेवलं. जरा हसा की आता."

तो उठला होता. शर्टाच्या खिशात त्या फाका कोंबत, पडद्याकडे न बघता म्हणाला, "हसू काय वहिनी, अंगठा आधीच कापलाय, आणि उघडं पातं हातात घेऊन उभी आहे ती. सुताराचं दुकान किती वाजता बंद होतं ते सांगा."