कोळवलीचे रुग्ण: पौडच्या धर्मार्थ दवाखान्यात दोन दिवस

पौडला कोणी हौसेने जात नाही. तहसील कचेरीत काम असलं तर माणूस तिथे उतरतो, नाहीतर मुळशीच्या तलावावर सहलीला जाताना एस.टी. थांबते तेवढ्या वेळात चहा पितो. गेल्या मे महिन्यात मी दोन दिवसांसाठी तिथे गेले ती दोन कामं घेऊन, आणि त्यांतलं दुसरं मला मुळीच आवडलं नव्हतं.

पहिलं काम इतिहासाचं. पुण्यात आमच्या पेठेतला धर्मार्थ दवाखाना प्लेगच्या साथीत निघाला. ज्याच्या घरातली तीन माणसं त्या साथीत गेली अशा एका व्यापाऱ्याने आपल्या दुकानाचा पुढचा भाग रिकामा करून दिला, आणि तिथे एक डॉक्टर फुकट बसू लागले. पुढे बायकांसाठी मंगळवारची वेळ वेगळी ठेवली, मग चार खाटा आल्या. शहरातल्या बहुतेक धर्मार्थ दवाखान्यांची सुरुवात अशीच एखाद्या ओसरीवर झालेली आहे, आणि ती हकिगत छापावी असं आमच्या दवाखान्याच्या समितीने ठरवलं. पण पुराच्या वर्षी दवाखान्यात पाणी शिरलं आणि जुन्या सगळ्या वह्यांचा लगदा झाला. माझं नदीकाठचं घरही त्याच पाण्यात गेलं. सध्या मी सरकारने बांधलेल्या अर्धगोल पत्र्याच्या खोलीत राहते. खोली उन्हाळ्यात तापते, बाकी तक्रार नाही.

जुन्या वह्या उरल्या होत्या त्या फक्त आमच्या पौडच्या शाखेत. मी बी.ए. होऊन पंचवीस वर्षं झाली, मुलींना इतिहास शिकवते, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणार हे उघडच होतं.

दुसरं काम चौकशीचं. समितीतल्या एका वकिलांनी पौडहून येणारे रुग्णांचे मासिक तक्ते तालुक्याच्या गावांच्या यादीशी ताडून पाहिले. तक्त्यांतली सहा गावं यादीत सापडेनात. कोळवली नावाच्या गावाचे रुग्ण दर महिन्याला होते, आणि कोळवली नावाचं गावच नव्हतं. वकिलांचं म्हणणं असं, की कंपाउंडर खोटे रुग्ण लिहितो आणि औषध बाहेर विकतो. हे खरं ठरलं तर कंपाउंडर जाणार होता, आणि त्याच्या जागी पौडला जायला कोणी तयार नसल्याने शाखाही बंद होणार होती. “तुम्ही जाताच आहात,” वकील म्हणाले, “तर तोंडावरच विचारा. तुम्हाला जमेल.”

जाणाऱ्यांनी सकाळची पहिली गाडी धरावी. दुसरी गाडी वेळेवर येते असं सांगणाऱ्याने ती कधी धरलेली नसते. डाव्या बाजूची खिडकी घेऊ नये, पिरंगुटच्या चढापर्यंत धूळ त्याच बाजूने आत येते. भूगाव, भुकूम मागे पडलं की डोंगर जवळ येतात. कासार आंबोलीला एक बाई पळसाच्या द्रोणांतून करवंदं घेऊन गाडीत चढली. एक आण्याला एक द्रोण. मी दोन घेतले आणि पौड येईपर्यंत संपवले. वाहकाने माझ्याकडे एकदा पाहिलं, मीही त्याच्याकडे पाहिलं.

मुक्कामासाठी तहसील कचेरीतून परवानगी आणली तर विश्रामगृहाची खोली मिळते. पलंग बरा, पाणी स्वतः काढावं लागतं. जेवायला स्टँडसमोरच्या खानावळीत पिठलं, भाकरी आणि आंबेमोहोराचा भात. भातासाठी दुसऱ्यांदा जायला हरकत नाही.

दवाखाना बाजाराच्या टोकाला, दोन खोल्यांचा, कौलारू. कंपाउंडर इब्राहिम तांबोळी पन्नाशीचे, किरकोळ, स्वच्छ सदरा, नाकावर घसरणारा चष्मा. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात, बाकी दिवस दवाखाना म्हणजे तांबोळी. त्यांनी आधी भेटवही पुढे केली. मी नाव, पूर्ण पत्ता, तारीख, वेळ लिहिली. अर्धवट पत्ता लिहिणाऱ्या मुलींची वही मी परत करते, तेव्हा स्वतःही अर्धवट लिहीत नाही.

मग मी कोपऱ्यात स्टूल घेऊन बसले. तांबोळींचं काम पाहण्यासारखं होतं. धर्मार्थ दवाखान्यात औषध फुकट, पण बाटली ज्याची त्याने आणायची, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. पुण्यात लोक येताना कुठलीही बाटली उचलून आणतात. इथे एका घरची एक बाटली, वर्षानुवर्षं तीच. तांबोळी खिडकीतून आत आलेला हात पाहत नव्हते, बाटली पाहत होते. “ही पाटलांची. म्हातारीचा दमा का?” असं बाटलीशीच बोलल्यासारखं विचारायचे. बाटली उकळत्या पाण्याने धुऊन मिश्रण भरायचं, कागदाची पट्टी घडी घालून कात्रीने तिला खाचा पाडायच्या, ती खळीने चिकटवायची. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. ज्याला वाचता येत नाही त्यालाही खाच कळते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी वकिलांचा कागद काढला आणि सहा गावांची नावं वाचली. ही गावं तालुक्याच्या यादीत नाहीत, मग तुमच्या वहीत कुठून आली, असं सरळ विचारलं. तांबोळींनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत, दचकलेही नाहीत. त्यांना वाटलं होतं, पुण्यात हे सगळ्यांना ठाऊक असेल. ते काही सांगणार एवढ्यात खिडकीशी एक म्हातारी आली, मागे सून, सुनेच्या कडेवर खोकणारं चार महिन्यांचं पोर.

“या ठकूबाई,” तांबोळी म्हणाले आणि वही माझ्यापुढे सरकवली. “बाईसाहेब, आज तुम्हीच लिहा.”

मी लेखणी घेतली. मुलाचं नाव विचारलं, ते ठेवलेलं होतं, महादू. वय विचारलं. मग गाव.

“कोळवली,” ठकूबाई म्हणाली.

मी मान वर केली. कोळवली कुठे आहे, असं विचारलं.

“पान्यात.”

“आणि तुम्ही राहता कुठे?”

“वर, डोंगराच्या अंगाला. वस्ती हाय आमची.”

“मग हा जन्मला कुठे?”

“वस्तीवर.”

“तर मग याचं गाव वस्ती झालं.”

वर्गात मी ढ मुलीकडे टाकते तशी नजर तिने माझ्याकडे टाकली. “बाई, ऱ्हायला तितं हाय. गाव इचारलंसा न्हवं? गाव कोळवली. ह्येच्या बाचं त्येच, आज्याचं त्येच. पानी आलं म्हून गाव बदलतंय व्हय?”

सून पदरात हसली. मी वहीत कोळवली लिहिलं. माझ्या अक्षरात.

ती गेल्यावर तांबोळींनी कपाटातून सगळ्यांत जुनी वही काढली. मुळशीच्या धरणाचं काम चालू असताना मजुरांत हिवताप पसरला, तेव्हा ही शाखा निघाली. पहिले कंपाउंडर तांबोळींचे वडील. त्या वहीत सहाही गावं होती, घरं होती, माणसं होती. मग एका पावसाळ्यात धरणाचं पाणी चढलं आणि गावं बुडाली. वहीत मात्र काही बदललं नव्हतं. माणसं वर सरकली, औषधाला येत राहिली, आणि ‘गाव’ या रकान्यात तीच नावं उतरत राहिली.

“मी नवीन असताना वडलांना हेच विचारलं होतं,” तांबोळी म्हणाले. “ते म्हणाले, औषध कोणतं ते आपण ठरवायचं. गाव कोणतं ते त्यांनी.”

दुसऱ्या दिवशी मुळशीच्या गाडीने तलावावर गेले. ठकूबाई आणि सून रात्री पौडला नातेवाइकांकडे राहिल्या होत्या, त्याही गाडीत भेटल्या. बाटली ठकूबाईच्या मांडीवर, फडक्यात. वस्तीकडे फुटणाऱ्या वाटेशी आम्ही उतरलो. मे महिना, पाणी खूप खाली गेलेलं, भेगाळलेली माती थेट आतपर्यंत. तलाव पाहायला जाणाऱ्यांनी पावसाळ्यात जावं असं सगळे सांगतात. मी सांगते, मे महिन्यात जा. पायांत मजबूत चपला घाला आणि चिखलाजवळ जाऊ नका.

ठकूबाईने हात लांब केला. पाण्याच्या कडेला काळ्या दगडांची एक रांग दिसत होती.

“द्येवळाचा वटा. त्येच्या म्हागं आमचं घर. मी सासरी आले आन् दोन पावसाळ्यांत पानी आलं. उंबरा नीट पाठबी झाला न्हवता.”

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी शिकवते त्या इतिहासात राज्यं बुडतात, त्यावर काय बोलायचं ते मला येतं. घर बुडालं त्यावर येत नाही, हे मला स्वतःवरून माहीत होतं. मी म्हटलं, नदीकाठी माझंही घर होतं.

“पुरात ग्येलं?”

“हो.”

तिने दगडांकडेच पाहत विचारलं, “दार कुनीकडं हुतं?”

“पूर्वेला.”

“आमचंबी,” ती म्हणाली. मग पोर खोकलं, तिने त्याला सुनेकडून घेतलं आणि दोघी चढाला लागल्या.

परतीची गाडी दुपारी मिळाली. माझा अहवाल एका पानाचा होता. रुग्ण खरे आहेत, गावं खरी आहेत, यादी अपुरी आहे. वकिलांनी बरेच प्रश्न विचारले. मी त्यांना पहिल्या गाडीची वेळ सांगितली आणि म्हटलं, स्वतः जाऊन ठकूबाईला विचारा. ते गेले नाहीत, पण शाखा राहिली, तांबोळीही राहिले.

महिन्याभराने आमचा जुना पोस्टमन अर्धगोलाच्या दारात उभा राहिला. त्याचा हा भाग नव्हे. हातात तांबोळींचं पत्र होतं. महादूचा खोकला गेला, शाखा चालू ठेवायची कमिटीची मंजुरी पोहोचली, जुन्या वह्यांना नवे पुठ्ठे घातले, ठकूबाई तुमची आठवण काढते. शेवटी लिहिलं होतं, “पत्ता आपण भेटवहीत लिहिला होता, त्यावरून पाठवत आहे.”

मी पाकीट उलटून पाहिलं. घर नंबर, आळी, नदीकाठ. सगळं बिनचूक, आणि यातलं काहीच आता उभं नाही. खोटी गावं लिहिणाऱ्याला पकडायला गेले त्या सकाळी मी हे लिहिलं होतं, आणि तांबोळींनी खिडकीशी आलेल्या कोणाचंही गाव लिहावं तसं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं.

“पत्ता चुकीचा आहे. तुम्ही इथवर कसं आणलंत?” मी विचारलं.

“चुकीचा कसा, बाई?” पोस्टमन म्हणाला. “तुमचाच आहे. आळीतली सगळी माणसं कुठे कुठे गेली, मला ठाऊक आहे.”

संध्याकाळी उत्तर लिहायला बसले. मजकूर पटकन झाला. वर उजव्या कोपऱ्यात पत्ता घालायचा असतो, तेवढा शेवटपर्यंत तसाच राहिला होता. मग लेखणी बुडवली आणि नदीकाठचा पत्ता लिहिला, पूर्ण.