सगळी उत्तरं एका घराने कमी

माझी मुलगी पाचवीत गणितात नापास झाली. शाळेने सांगितलं, दोन महिन्यांनी फेरपरीक्षा होईल. त्यात पास झाली तर सहावी, नाहीतर पुन्हा पाचवी. बाकी विषय तिचे बरे होते. पण आमच्या क्वार्टर्समध्ये बातमी लपत नाही, आणि माझी मुलगी वर्गात मागे राहिली हे चार लोक बोलणार या विचारानेच माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन महिन्यांत हिला तयार करायचंच, असं मी त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं. घरात कोणाला विचारायची माझी पद्धत नव्हती.

मी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये चाकांची मापं घेतो. गेज, म्हणजे मापाचा साचा, बसलं तर चाक पुढे, नाही बसलं तर परत. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच वागायला लागतो. रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी एक तास मी तिला समोर बसवायचो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचो आणि पाढे विचारायचो. आडवे, उलटे, मधूनच कुठलाही. तीन सेकंदांत उत्तर आलं पाहिजे.

ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजायची. आठ सत्ते विचारलं की आठ, सोळा, चोवीस करत सातव्या पेरावर पोहोचायची आणि मग छप्पन्न म्हणायची. उत्तर बरोबर असायचं, पण वीस सेकंदांनी. मला ते बघवेना.

"पाचवीतली मुलगी बोटं मोजते? लाज वाटत नाही?" मी म्हणालो. "हात खाली घे. मांडीखाली दाबून बस."

बायको डबा भरता भरता इथल्या गुजराती वळणाने म्हणाली, "अहो, येतंय ने तिला. थोडा टाइम द्या."

"परीक्षेत कोण देणार आहे टाइम?" मी तिच्यावरही ओरडलो.

हात मांडीखाली गेले. पहिले काही दिवस रडारड झाली, मग उत्तरं पुन्हा येऊ लागली. तोंड मिटून, समोर बघत ती उत्तर द्यायची. वेळही थोडा कमी लागायचा. मी खूश झालो. दुपारी चहाला वर्कशॉपमध्ये सांगितलंसुद्धा, की जरा धाकात ठेवलं की पोरं बरोबर वळणावर येतात.

परीक्षेला आठवडा राहिला आणि एका सकाळी सगळं बिघडलं. आठ सत्ते? "अठ्ठेचाळीस." नऊ पंचे? "छत्तीस." सात चोक? "एकवीस." मला वाटलं, मुद्दाम करतेय. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माझा आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत जात होता हे मला नंतर कळलं. ती एकेक उत्तर देऊन माझ्या चेहऱ्याकडे बघायची. मी वही भिंतीवर फेकली.

तेव्हा ती तोंड उघडून रडली, आणि वरच्या ओळीत डावीकडे सुळ्याच्या जागी मला भोक दिसलं.

"माझा दात पडला ने, बाबा," ती हुंदके देत म्हणाली. "आता बरोबर मोजता नाही येत."

हात बंद केल्यावर ती जिभेने दात मोजत होती. डाव्या सुळ्यालगतच्या दाढेपासून सुरुवात, उजवा सुळा म्हणजे सात, हे तिने मनात पक्कं केलं होतं. मधला एक दात गेला. आता उजव्या सुळ्याला जीभ लागेपर्यंत सहाच व्हायचे. म्हणून प्रत्येक उत्तर पाढ्यातल्या एका घराने कमी.

वर्कशॉपमध्ये सगळी मापं एकाच बाजूला, एकसारखीच चुकायला लागली तर आम्ही चाकाला दोष देत नाही. आधी गेज तपासतो. नवीन आलेल्या अप्रेंटिसलाही हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तीन दिवस माझ्यासमोर तशीच मापं येत होती आणि मी चाकावर ओरडत होतो. मला माझीच इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी डबा न घेताच निघालो.

उरलेले चार दिवस मी घड्याळ लावलं नाही. "कसंही मोज," म्हणालो. ती हळूहळू, एकेक पायरी लिहीत गणितं सोडवत गेली. मी शेजारी बसून गप्प राहायला शिकत होतो, आणि ते मला फार जड जात होतं. तिची उत्तरं बरोबर येत होती, पण पानभर गणितांना पावणेदोन तास लागत होते. पेपरात तशी चार पानं असणार होती आणि वेळ दोन तास. हे गणित मला चांगलंच येत होतं. मी शाळेत जाऊन बाईंना विनवलं, हिला अर्धा तास जास्त द्या.

"टाइम तो बधाने सरखोज मळे ने, भाई," त्या शांतपणे गुजरातीत म्हणाल्या. सगळ्यांना सारखाच वेळ. त्यांचंही चुकलं नव्हतं.

पास व्हायला ऐंशीपैकी अठ्ठावीस हवे होते. तिला बावीस मिळाले. बाईंनी पेपर दाखवला तेव्हा मी तिथेच उभा राहून सगळा तपासला. लिहिलेलं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. पुढची पानं कोरी होती.

ती फाटकापाशी स्कूटरजवळ उभी होती.

"बेटा, यंदा पाचवीतच बसावं लागेल," मी म्हणालो.

तिने विचारलं, "मैत्रिणी सहावीत जातील?"

"हो."

तिचे डोळे भरले. तिने ते बाहीने पुसले आणि म्हणाली, "मग बाबा, मी आधी भागाकार शिकू? वर्गात सगळे पुढे गेले तेव्हा माझा तोच राहून गेला होता."

ती नेमकी कुठे मागे राहिली होती, हे मी दोन महिन्यांत तिला एकदाही विचारलं नव्हतं.